चहावाल्यांचा संगणक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

‘सिस्टीम घेत नाही.’ बँकेत, घरपट्टीच्या खिडकीवर, विम्याच्या कचेरीत हे वाक्य ऐकले नाही असा श्रोता सापडणे कठीण. खिडकीमागचा माणूस जागेवर असतो, आपले कागद बरोबर असतात, पैसे मोजून आणलेले असतात आणि तरीही काम होत नाही. तक्रार करायला जावे तर खिडकीवरचे लोक आयटी विभागाकडे बोट दाखवतात. आयटीवाले म्हणतात, आम्हाला जसे सांगितले तसे आम्ही करून दिले. सांगणारा कोण होता, ते कोणालाच ठाऊक नसते.

संस्थेचे काम आणि संस्थेतला संगणक यांच्यातल्या या दुराव्याला व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत भारदस्त नावे आहेत. आपण साधे ‘मेळ’ म्हणू. हा मेळ कसा बसवावा याबद्दल गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ग्रंथांचे ढीग लिहिले गेले, परीक्षा निघाल्या, प्रमाणपत्रे निघाली. गंमत अशी, की जगातल्या ज्या पहिल्या कंपनीने आपल्या रोजच्या धंद्यासाठी संगणक चालवला, तिथे हा प्रश्न फारसा पडलाच नाही. ती कंपनी यंत्रे बनवणारी नव्हती. ती चहा आणि केक विकणारी होती.

जे. लायन्स अँड कंपनी हे तिचे नाव. १८९४ साली लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर तिने पहिले चहाचे दुकान उघडले. स्वच्छ टेबल, ठरलेला भाव, सर्वत्र सारखी चव. त्या काळच्या लंडनमध्ये एकट्यादुकट्या बाईमाणसाला निर्धास्तपणे जाऊन बसता येईल अशा जागा थोड्याच होत्या, आणि लायन्सची दुकाने त्यांपैकी होती. पुढे दुकानांची संख्या दोनशेच्या वर गेली. त्याशिवाय ‘कॉर्नर हाउस’ नावाची अनेक मजल्यांची उपाहारगृहे, हॅमरस्मिथ भागात कॅडबी हॉल येथे प्रचंड बेकरी आणि मुख्य कचेरी, चहाच्या पुड्या बांधण्याचा कारखाना, आइस्क्रीम असा पसारा वाढला. बकिंगहॅम राजवाड्यातल्या उद्यान-मेजवान्यांना आणि विम्बल्डनच्या टेनिस सामन्यांना खानपान पुरवणारीही लायन्सच. जाता जाता सांगतो, की मार्गारेट थॅचर राजकारणात नाव होण्याआधी काही काळ याच कंपनीत रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरीला होत्या.

आता या धंद्याचे गणित पाहा. पोलादाचा कारखाना वर्षाकाठी मोजकी बिले करतो आणि प्रत्येक बिल मोठ्या रकमेचे असते. चहाच्या दुकानाचे नेमके उलटे. दिवसाला लाखो व्यवहार, प्रत्येक काही पेन्सांचा, आणि त्यातून सुटणारा नफा अगदी नखाएवढा. एका कपाचा हिशेब ठेवायला कपाच्या नफ्यापेक्षा जास्त खर्च आला, तर धंदा बसलाच. म्हणून लायन्समध्ये कारकुनी हीच मोठी चिंता होती. बिले तपासणाऱ्या, बेरजा मारणाऱ्या, पगार काढणाऱ्या कारकुनांच्या रांगाच्या रांगा तिथे बसत.

१९२३ साली कंपनीने जॉन सिमन्स नावाचा एक तरुण नोकरीस घेतला. केंब्रिजचा गणिती, उत्तम गुणांनी उत्तीर्ण. अशा माणसाने प्राध्यापक व्हायचे, की चहाच्या कंपनीत हिशेब तपासायचे? सिमन्स यांनी हिशेबच तपासले; पण त्यांची दृष्टी वेगळी होती. त्यांच्या मते कचेरीचे काम केवळ झालेल्या गोष्टी लिहून ठेवण्याचे नाही. आज काय घडले ते उद्या सकाळपर्यंत मालकाला कळले पाहिजे, म्हणजे परवाचा निर्णय घेता येईल. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस लायन्सने ‘सिस्टीम्स रिसर्च ऑफिस’ स्थापन केले. म्हणजे कचेरीतली कामे कशी होतात, एक कागद किती हातांतून फिरतो, त्यातली कोणती फेरी अनावश्यक आहे, याचाच अभ्यास करणारे खाते. संगणक अजून कोणाच्या स्वप्नातही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे. पुढे जे घडले त्याचे मूळ इथे आहे, असे माझे मत आहे. यंत्र येण्याच्या पंधरा वर्षे आधी ही माणसे आपल्याच कचेरीला प्रश्न विचारत होती.

दुसरे महायुद्ध संपले. १९४७ साली लायन्सने थॉमस रेमंड थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफोर्ड या दोघांना अमेरिकेस पाठवले. युद्धकाळात तिकडच्या कचेऱ्यांमध्ये काय नवे आले, ते पाहून यायचे एवढाच हेतू. कचेऱ्यांमध्ये त्यांना विशेष काही दिसले नाही. पण ‘एनिॲक’ नावाच्या यंत्राबद्दल त्यांनी वाचलेले होते. तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके काढण्यासाठी अमेरिकन लष्कराने बनवून घेतलेले ते अवाढव्य यंत्र. त्या कामात असलेल्या हर्मन गोल्डस्टाइन यांना हे दोघे प्रिन्स्टनला जाऊन भेटले. तोफगोळे मोजणारे यंत्र पावांचे हिशेब करू शकेल का, असा त्यांचा प्रश्न होता. गोल्डस्टाइन यांनी त्यांना हसून वाटेला लावले नाही. उलट त्यांना कल्पना आवडली, आणि त्यांनी सांगितले की असेच एक यंत्र तुमच्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात, मॉरिस विल्क्स बनवत आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसा हा प्रकार.

परत आल्यावर दोघांनी संचालकांना अहवाल दिला. त्यात यंत्राच्या वर्णनापेक्षा कंपनीच्या कामाचे वर्णन महत्त्वाचे होते : पगार, बिले, मालाचा साठा, दुकानांच्या मागण्या, यांतले काय काय यंत्राला करता येईल. लायन्सने केंब्रिजच्या प्रकल्पाला तीन हजार पौंड दिले आणि आपला एक तंत्रज्ञही मदतीला दिला. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजच्या ‘एडसॅक’ यंत्राने पहिला प्रोग्रॅम यशस्वीपणे चालवला. लायन्सने मग जॉन पिंकर्टन या तरुण अभियंत्याला हाताशी धरून त्याच आराखड्यावर स्वतःचे यंत्र बांधायला घेतले. यंत्र बाजारात मिळत नव्हते, म्हणून बेकरीवाल्यांनी ते घरी बनवले, असेच म्हणायचे. नाव ठेवले ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’, आद्याक्षरांनी ‘लिओ’. नावातच पाहा, ‘कॉम्प्युटर’ हा शब्द नाही, ‘ऑफिस’ आहे.

सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह आणि स्मृती म्हणून पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या. आजच्या खिशातल्या मोबाइलपुढे त्याची शक्ती म्हणजे काहीच नव्हे. तरी विल्क्स यांच्या यंत्राहून ते एका बाबतीत वेगळे करावे लागले. शास्त्रज्ञाचे गणित म्हणजे थोडे आकडे आत, खूप आकडेमोड, थोडे आकडे बाहेर. कचेरीचे गणित म्हणजे ढीगभर आकडे आत, किरकोळ बेरीज-वजाबाकी, ढीगभर आकडे बाहेर. शास्त्रज्ञांच्या यंत्राला हे झेपले नसते; यंत्राचा वेळ कार्डे वाचण्यातच गेला असता. म्हणून लिओला माहिती आत घेण्याचे आणि बाहेर देण्याचे अनेक मार्ग एकाच वेळी चालतील अशी सोय करावी लागली. कामाने यंत्राला आकार दिला, तो असा.

नोव्हेंबर १९५१मध्ये लिओने पहिले नियमित काम हाती घेतले. बेकरीत त्या आठवड्यात किती पाव, केक, पाय तयार झाले, त्यांना कच्चा माल आणि मजुरी किती लागली, कोणत्या विभागाकडे किती किमतीचा माल गेला, याचा साप्ताहिक हिशेब. जगात कोणत्याही संगणकाने नेमाने केलेले हे पहिले व्यापारी काम मानले जाते. पुढची पायरी पगाराची. एका माणसाचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद, असे आकडे सांगितले जातात. १९५४च्या सुरुवातीस बेकरीतल्या कामगारांचे पगार यंत्रावर निघू लागले. पण त्याआधी बरेच आठवडे हाताने काढलेले आणि यंत्राने काढलेले असे दोन्ही पगार शेजारी ठेवून पडताळले गेले. पगाराचे पाकीट चुकले तर कामगार विज्ञानाचे कौतुक ऐकून घेत नाही, हे हिशेबखात्यातल्या माणसांना सांगावे लागत नव्हते.

इथे डेव्हिड कॅमिनर यांची ओळख करून दिलीच पाहिजे. १९३६ साली लायन्समध्ये उमेदवार म्हणून दाखल झालेला हा माणूस. युद्धात ट्युनिशियाच्या आघाडीवर त्यांनी एक पाय गमावला. परत आल्यावर सिस्टीम्स रिसर्च ऑफिस आणि पुढे लिओवर करायच्या कामांची आखणी त्यांच्याकडे आली. कामांची आखणी म्हणजे काय? खात्यात जाऊन बसायचे, कारकुनाला विचारायचे : हे तू असे का करतोस? यातले कोणते प्रकरण नेहमीचे आणि कोणते अपवादाचे? अपवाद आला तर काय करतोस? मग ते सगळे काम चौकटी-बाणांच्या आकृतीत मांडायचे, तपासायचे, दुसऱ्याकडून तपासून घ्यायचे आणि त्यानंतरच प्रोग्रॅमला हात घालायचा. त्यांचा दरारा असा, की निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्रॅम कोणी त्यांच्यापुढे नेत नसे. जगातल्या पहिल्या सिस्टीम्स ॲनालिस्टांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. २००८ साली ते वारले.

कॅमिनर यांच्या हाताखालच्या लोकांपैकी बरेच जण कंपनीतल्याच साध्या कचेऱ्यांतून आलेले होते. मेरी कूम्ब्ज या बाई १९५२ साली लिओच्या प्रोग्रॅमर झाल्या, आणि व्यापारी संगणकावर काम करणाऱ्या पहिल्या स्त्री प्रोग्रॅमर म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्यांचे शिक्षण भाषांचे होते. कंपनी अभियंत्यांच्या पदव्या शोधत नव्हती. गोष्ट शेवटपर्यंत नीट विचारात घेणारी माणसे शोधत होती.

या सगळ्याचा कळस म्हणजे दुकानांच्या मागणीचे काम. ते १९५४च्या शरद ऋतूत सुरू झाले, आणि त्यावर जरा थांबायला हवे. प्रत्येक दुकानाच्या मॅनेजर बाईंना दुसऱ्या दिवशी किती माल हवा ते रोज कळवावे लागे : इतके पाव, इतके बन, इतके पाय. जुन्या पद्धतीत प्रत्येक दुकानाने पूर्ण यादी भरायची, ती कॅडबी हॉलला जायची, तिथे बेरजा व्हायच्या, मग बेकरीला आकडा मिळायचा. आता कोणताही सामान्य संगणकवाला काय करील? हीच यादी लवकर कशी गोळा करावी, याचा विचार करील. लायन्सच्या लोकांनी वेगळा प्रश्न विचारला. बाई रोज नवीन काय सांगतात? सोमवारची मागणी गेल्या सोमवारसारखीच असते. फरक असतो तो पावसाचा, सुट्टीचा, जवळपास एखादा कार्यक्रम असल्याचा. म्हणजे कळवायला हवा तो फक्त फरक.

मग असे ठरले. प्रत्येक वारासाठी प्रत्येक दुकानाची एक ठरीव मागणी यंत्राकडे तयार ठेवायची. ठरलेल्या वेळी कॅडबी हॉलमधून टेलिफोनवरील मुलीने दुकानाला फोन करायचा. कानाला श्रवणयंत्र, हाताखाली कार्डे छिद्रित करण्याचे यंत्र. बाईंनी सांगायचे : बन दोन डझन जास्त, पाय एक डझन कमी. मुलीने ऐकता ऐकता तेवढेच कार्डावर टोचायचे. मधे कागद नाही, नक्कल नाही. लिओने ठरीव मागणीत हा फरक मिळवून बेकरीला एकूण आकडा द्यायचा, प्रत्येक दुकानाच्या मालाची पॅकिंगची यादी छापायची, आणि मोटारीत माल भरणाऱ्यांना त्यांच्या सोयीच्या क्रमाने कागद द्यायचे. शिवाय कोणत्या दुकानाचा खप वाढतो, कोणाचा घटतो, कोणती बाई अंदाज चुकते, तेही त्याच आकड्यांतून वर कळायचे.

यात यंत्राची करामत थोडी आणि कामाची जाण फार. माझ्या मते ‘मेळ’ या शब्दाचा अर्थ सांगायला याहून चांगले उदाहरण आजतागायत सापडलेले नाही. मॅनेजर बाईंना संगणक शिकावा लागला नाही. त्यांना फोन घ्यायचा होता, आणि तोही रोज ठराविक वेळी. फायदा त्यांनाही होता, बेकरीलाही होता आणि मालकांनाही.

लायन्सची ख्याती पसरली तशी बाहेरची कामे येऊ लागली. फोर्ड मोटार कंपनीच्या इंग्लंडमधल्या कारखान्याचे पगार लिओवर निघाले. नव्या अर्थसंकल्पानंतर प्राप्तिकराची कोष्टके काढण्याचे सरकारी काम झाले. १९५४च्या नोव्हेंबरात ‘लिओ कॉम्प्युटर्स’ ही वेगळी कंपनी निघाली. सुधारित यंत्रे आली, ती तंबाखूच्या, पोलादाच्या कंपन्यांनी घेतली, इंग्लंडच्या टपाल खात्याने घेतली, एक तर दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींच्या कंपनीकडे गेले. पण ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने आपली ‘सिस्टीम ३६०’ मालिका जाहीर केली, आणि त्या पैशापुढे, त्या विक्रीयंत्रणेपुढे केकवाल्यांचा टिकाव लागणे शक्य नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी लिओ कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली होती. १९६५च्या जानेवारीत पहिला लिओ बंद करण्यात आला. १९६८ साली उरलेसुरले आयसीएल या नव्या कंपनीत गेले.

आणि लायन्स? तीही टिकली नाही. लोकांच्या आवडी बदलल्या, चहाच्या दुकानांची जागा दुसऱ्या खाद्यगृहांनी घेतली, परदेशातल्या कंपन्या विकत घेण्यासाठी काढलेली कर्जे डोईजड झाली. १९७८ साली एका मद्य कंपनीने लायन्सला विकत घेतले. हे सांगितले पाहिजे, कारण लिओची कथा सांगणारे बहुधा हा भाग गाळतात. जगातला सर्वांत नेमका मागणी-हिशेब ज्या कंपनीजवळ होता, तिला उद्या लोक चहा प्यायला येतील की नाही, हे त्या हिशेबाने सांगितले नाही. दोन डझन बन जास्त की कमी, एवढेच त्याला विचारलेले होते.

लायन्सनंतर जगाने जो मार्ग धरला तो निराळा होता. १९६० आणि ७०च्या दशकांत संगणक तयार मिळू लागले, आणि त्यांच्यासोबत संगणक विभाग नावाचे एक वेगळे संस्थान उभे राहिले. वातानुकूलित काचेची खोली, आत पांढऱ्या डगल्यातली माणसे, बाहेर अर्ज घेऊन उभी असलेली खाती. एक नवा अहवाल हवा असेल तर महिनोन्‌महिने थांबायचे. पैसे मात्र ओतले जात होते. १९८७ साली अर्थशास्त्राचे नोबेल त्याच वर्षी मिळालेले रॉबर्ट सोलो यांनी बोचरी नोंद केली, की संगणकयुग चोहीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत तेवढे दिसत नाही. या एका वाक्याने अर्थतज्ज्ञांना पुढची दहा वर्षे काम पुरवले.

यावर एक उत्तर आले ते मायकेल हॅमर यांच्या १९९०च्या लेखातून. उदाहरण योगायोगाने पुन्हा फोर्डचेच, या वेळी अमेरिकेतले. फोर्डच्या देणी विभागात पाचशेहून अधिक माणसे होती. संगणक लावून वीस टक्के कमी करावीत, असा त्यांचा बेत होता. तेवढ्यात कळले, की माझदा या जपानी कंपनीत हेच काम पाच माणसे करतात. कंपनी लहान होती हे मान्य, पण तरीही पाच? तेव्हा फोर्डवाल्यांनी स्वतःकडे पाहिले. खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल, हे तिन्ही जुळले तर पैसे द्यायचे. आणि माणसांचा सगळा वेळ न जुळणारी प्रकरणे सोडवण्यात जायचा. त्यांनी बिलच काढून टाकले. माल दारात आला, संगणकातल्या ऑर्डरशी जुळला, की पैसे द्यायचे. जुळला नाही तर माल परत. मनुष्यबळ वीस नव्हे, पंच्याहत्तर टक्क्यांनी घटले. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या असतील त्यांच्या दृष्टीने ही कथा कशी दिसते, हे हॅमर यांनी फारसे सांगितलेले नाही.

आपल्याकडे तो प्रश्न आधी विचारला गेला, आणि जोरात विचारला गेला. आयुर्विमा महामंडळाने १९६०च्या दशकात संगणक आणायचे ठरवले तेव्हा कर्मचाऱ्यांनी, विशेषतः कोलकात्यात, तीव्र आंदोलने केली. मग सरकारने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर होते, आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांत तर संघटनांशी १९८३ साली करार झाल्यावरच वाट मोकळी झाली. रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने १९८४ साली आखणी करून दिली, आणि शाखाशाखांतून जी यंत्रे आली त्यांना संगणक म्हणण्याऐवजी ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ म्हणत. नावाने भांडण टळले, पण नाव खरेही होते. त्या यंत्राने खातेवही भरली, दुसरे काही केले नाही. जुने लेजर, जुन्याच नोंदी, फक्त शाईऐवजी कळफलक. खातेदार शाखेचाच राहिला. दादरचे पैसे ठाण्यात काढता येत नव्हते. २०००नंतर कोअर बँकिंग आले आणि खातेदार शाखेचा न राहता बँकेचा झाला, तेव्हा कुठे रांगेतल्या माणसाला फरक कळला.

रेल्वेने हे आधीच करून दाखवले होते. आरक्षणाच्या खिडक्या गाड्यांप्रमाणे वाटलेल्या असत, कारण एका गाडीचे रजिस्टर एकाच बाबूपुढे असायचे. एका खिडकीवर झुंबड, शेजारची रिकामी, आणि रिकाम्या खिडकीवरचा बाबू इच्छा असूनही तुमचे तिकीट देऊ शकत नसे. सीएमसी या सरकारी कंपनीने १९८५-८६मध्ये दिल्लीला संगणकीय आरक्षण उभे केले, मग ते मुंबईसह इतर महानगरांत आले. नाना प्रकारचे कोटे, सवलती, प्रतीक्षायादी, हे सगळे नियम जसेच्या तसे यंत्रात घालणे हे कठीण काम होतेच. पण प्रवाशाला जाणवले ते एवढेच, की आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळते. नियम कायम ठेवले आणि रजिस्टर बाबूपासून सोडवले.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथे नवी संगणकीय व्यवस्था पूर्णपणे सुरू झाली. फोन आला की जवळची गाडी यंत्रानेच निवडायची. सर्वांत कमी किमतीच्या निविदेला काम दिलेले, मुदत अशक्य कोटीतली. यंत्राने गृहीत धरले होते, की प्रत्येक गाडी कुठे आहे आणि काय करते आहे हे त्याला अचूक कळत राहील. गाडीतल्या माणसांनी घाईत चुकीचे बटण दाबले, कुठे रेडिओ पोचला नाही, की यंत्राचे चित्र खोटे पडायचे. मग ते लांबची गाडी पाठवायचे, एकाच ठिकाणी दोन पाठवायचे. गाडी येईना म्हणून लोक पुन्हा फोन करायचे, त्याने यादी आणखी फुगायची. पूर्वी नियंत्रण कक्षातली अनुभवी माणसे कागदाच्या चिठ्ठ्यांवर, एकमेकांना हाका मारून या चुका सावरून घेत. चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या आणि माणसांच्या जागाही बदलल्या होत्या. दोन दिवसांत अर्धे काम जुन्या पद्धतीवर न्यावे लागले, मुख्याधिकाऱ्यांनी राजीनामा दिला, आणि ४ नोव्हेंबरला उरलेली यंत्रणाही बंद पडली. १९९३च्या चौकशी अहवालात ठपका एकट्या सॉफ्टवेअरवर नव्हता. व्यवस्थापन आणि कर्मचारी यांच्यात विश्वास नव्हता, आणि यंत्राच्या साहाय्याने कामाची पद्धत वरून लादण्याचा प्रयत्न झाला, हे त्यातले मुख्य दुखणे. त्याच सेवेने १९९६ साली दुसरी व्यवस्था आपल्याच माणसांकडून, टप्प्याटप्प्याने, वापरणाऱ्यांना विचारत उभी केली. ती चालली.

इंग्लंडच्या सरकारी संगणक संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘आयटिल’ नावाची मार्गदर्शक पुस्तके काढली. त्यामागचा विचार असा, की संगणक विभागाने यंत्रे सांभाळायची नसून सेवा द्यायची आहे. तेव्हा सेवा किती वेळात, किती वेळा, कोणाला, हे आधी लिहून घ्या. १९९३ साली हेंडरसन आणि वेंकटरामन यांनी आयबीएमच्या नियतकालिकात या मेळाचा आराखडा मांडला आणि शब्द रूढ झाला. या पुस्तकांनी पुष्कळ शिस्त आणली, हे नाकारता येत नाही. मात्र लेखी करारातले सगळे आकडे हिरवे आणि खिडकीवरचा माणूस लालबुंद, असाही प्रकार त्यातूनच निघाला. सर्व्हर नव्याण्णव टक्के वेळ चालू होता, हे खरे. उरलेला एक टक्का महिनाअखेरीच्या पगाराच्या दिवशी होता, हे त्या आकड्यात दिसत नाही.

लिओच्या माणसांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. फ्रँक लँड हे १९२८ साली बर्लिनमध्ये जन्मलेले, नाझींच्या काळात १९३९ला इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून आलेले गृहस्थ १९५२ साली लायन्समध्ये कारकून म्हणून लागले आणि तिथून लिओच्या प्रोग्रॅमकडे वळले. १९६७ साली एका विद्यापीठाला वाटले, की संस्थेचे काम समजून घेऊन ते संगणकासाठी कसे मांडायचे, हा विषय विद्यार्थ्यांना शिकवला पाहिजे. शिकवायला कोण आहे, म्हणून शोध घेतला, तर लँड सापडले. पुढे ते इंग्लंडमधले या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले. ते विद्यापीठ म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. तिथे अभियांत्रिकी शिकवतच नाहीत.